पळण्याने धूर जळत नाही

श्रोतेहो, नमस्कार.

पहाटे साडेपाचच्या सुमारास परभणी, बीड, अंबाजोगाई अशा कोणत्याही गावी मैदानावर गेलात, तर पोलीस भरतीची तयारी करणारी मुले-मुली तुम्हाला पळताना दिसतील. मुलांना १६०० मीटर पळायचे असते, मुलींना ८०० मीटर, आणि एकेका सेकंदावर गुण अवलंबून असतात. शारीरिक शिक्षणाचा शिक्षक म्हणून मी बरीच वर्षे या मुलांसोबत स्टॉपवॉच घेऊन उभा राहिलो आहे, आणि तिथे जे पाहिले त्याबद्दलच आज बोलणार आहे.

१६०० मीटर म्हणजे ४०० मीटरच्या चार फेऱ्या. पहिल्या दोन फेऱ्या तरुण मुलगा नुसत्या जिद्दीवर काढतो. खरा दम कळतो तो तिसऱ्या फेरीत. ऊसतोड कामगाराच्या घरातला एक मुलगा माझ्याकडे यायचा. अंगाने काटक, सरावाला कधी खाडा नाही. पण तिसऱ्या फेरीच्या वळणावर त्याचे खांदे कानाकडे चढायचे, तोंड उघडे पडायचे, आणि पळणे संपले की गुडघ्यांवर हात टेकून तो इतका वेळ खोकत राहायचा की तोवर बाकीचे घराकडे निघालेले असायचे. आम्ही त्याचा आहार सुधारला, सराव बदलून पाहिला; वेळ काही कमी होईना. मग एके सकाळी फाटकाबाहेरच्या चहाच्या टपरीमागे तो आणि त्याचे दोन सोबती एकच सिगारेट आळीपाळीने ओढताना दिसले. सुट्ट्या सिगारेटच्या विक्रीवर आपल्या राज्यात २०२० साली बंदी आली, तरी टपरीवर ती मिळतेच. मी जवळ गेलो तेव्हा तो मान खाली घालून म्हणाला, "सर, रोज पाच किलोमीटर पळतो की. तेवढी एक घामातून निघून जाते."

तो खोटे बोलत नव्हता, त्याला खरोखरच तसे वाटत होते. मला त्याच्यावर रागावता आले नाही, कारण "पळा, छाती आपोआप मोकळी होईल" असे मीच कित्येक वर्षे मुलांना सांगत आलो होतो. ते चूक होते, आणि ती चूक दुरुस्त करावी म्हणूनही मी आज इथे बसलो आहे.

व्यायामाने हृदय बळकट होते, पायांचे स्नायू रक्तातला प्राणवायू अधिक चांगला वापरू लागतात, श्वासाचे स्नायू कणखर होतात. मात्र फुप्फुसांतल्या ज्या कोट्यवधी वायुकोशांतून प्राणवायू रक्तात उतरतो, ते वायुकोश मोठेपणी पळण्याने वाढत नाहीत, आणि धुराने एकदा नष्ट झाले तर पळण्याने पुन्हा तयारही होत नाहीत. धुरातला कार्बन मोनॉक्साइड हा वायू तर घामातून बाहेर पडतच नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूच्या दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो, आणि आपण स्वस्थ असताना त्याचे प्रमाण निम्म्यावर यायलाच चार-पाच तास लागतात. रात्री बाराला खोलीवर अभ्यास करताना ओढलेल्या सिगारेटचा जवळजवळ निम्मा कार्बन मोनॉक्साइड पहाटे पाचला तुमच्याबरोबर मैदानावर आलेला असतो. प्राणवायूची जागा त्याने अडवलेली असते, आणि तिसऱ्या फेरीत पायांना नेमका तोच प्राणवायू हवा असतो.

श्वासनलिकेच्या आतल्या बाजूला अतिशय सूक्ष्म केसांसारखे तंतू असतात. आपण श्वासाबरोबर आत ओढलेली धूळ आणि कफ ते सतत वर ढकलत असतात. धुराने ते मंदावतात आणि पुढे झडतात. आपल्याकडे उन्हाळ्यातला फुफाटा, शेतात जाळलेल्या पाचटाचा धूर आणि घरातली चूल यांमुळे या तंतूंना आधीच पुष्कळ काम असते. चुलीजवळ बसून स्वयंपाक करणाऱ्या आणि पहाटे ८०० मीटर पळणाऱ्या मुलींनी तर सिगारेट हातातही धरलेली नसते. त्यांच्यासमोर घरातल्या पुरुषांनी बिडी पेटवणे हा त्यांच्यावर अन्याय आहे, असे मला स्पष्टपणे वाटते.

बिडी सौम्य असते, हाही एक गैरसमज. तिच्यात तंबाखू कमी असते, पण ती विझू नये म्हणून वारंवार आणि खोल झुरके घ्यावे लागतात, त्यामुळे विषारी वायू कमी जात नाहीत. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातील प्रौढांमध्ये धूम्रपान करणारे चार टक्क्यांहून कमी आढळले, पण तंबाखू चघळणारे आणि मिश्री लावणारे सुमारे चोवीस टक्के होते. म्हणून सिगारेट सोडून मावा धरला, तर ते सोडणे नव्हे. निकोटीनची तलप तशीच राहते आणि तोंडाच्या कर्करोगाची भीती वाढते.

आता तरुणांसाठी मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट सांगतो. फुप्फुसांची क्षमता विशी-पंचविशीच्या दरम्यान सर्वाधिक असते आणि नंतर ती सगळ्यांचीच हळूहळू उतरते. ओढणाऱ्याची अधिक वेगाने उतरते. ब्रिटनमध्ये रिचर्ड डॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५१ पासून हजारो डॉक्टरांच्या सवयींचा आणि मृत्यूंचा पन्नास वर्षे मागोवा घेतला. सिगारेट ओढत राहिलेल्यांचे आयुष्य सरासरी दहा वर्षांनी कमी भरले, पण ज्यांनी तिशीच्या सुमारास ती सोडली, त्यांची ती जवळजवळ सगळी वर्षे वाचली. मैदानावरची माझी मुले एकोणीस, बावीस, चोवीस वर्षांची आहेत. त्यांच्या हातात अजून वेळ आहे.

आणि सोडताना पळणे खरोखर उपयोगी पडते. तलप आली की ती काही मिनिटे जोरात असते आणि मग ओसरते. तेवढ्या वेळात दहा मिनिटे झपाट्याने चालले तरी तिचा जोर कमी होतो. पहिले तीन-चार दिवस सर्वांत कठीण जातात. चिडचिड होते, झोप लागत नाही. त्या दिवसांत टपरीवरून जाणारा रस्ता बदला आणि चहा घरीच घ्या.

त्या मुलाने सिगारेट सोडली, आठव्या दिवशी पुन्हा ओढली आणि पुन्हा सोडली. दुसऱ्या खेपेला तो घाबरून आला: "सर, सोडल्यापासून खोकला उलट वाढलाय." काही जणांना असे होते, कारण ते मंदावलेले तंतू पुन्हा कामाला लागतात आणि साठलेला कफ वर आणतात. हा खोकला सहसा काही आठवड्यांत कमी होतो. तसे झाले नाही, कफात रक्त दिसले किंवा छातीत दुखले, तर मात्र डॉक्टरांकडे जायला उशीर करू नका.

ज्यांना एकट्याने जमत नाही, त्यांच्यासाठी सरकारची मोफत दूरध्वनी सेवा आहे. क्रमांक लिहून घ्या, मी सावकाश सांगतो: १८००, ११२, ३५६. पुन्हा सांगतो: १८००, ११२, ३५६.