फीड कुणाला आणि फूड कुणाला

नमस्कार श्रोतेहो. आज एका इंग्रजी शब्दावर बोलायचंय, आणि घाबरू नका, व्याकरणाचा तास घेत नाहीये. शब्द आहे फीड. आपल्याला इंग्रजी येत नाही असं म्हणणारा माणूससुद्धा हा शब्द बिनधास्त वापरतो, फक्त प्रत्येकाचं फीड वेगळं. पोल्ट्रीवाला म्हणतो फीड परवडत नाही, शेतकरी म्हणतो फीडर ट्रिप झालाय त्यामुळे मोटर बंद, भोसरीच्या वर्कशॉपमधला पोरगा लेथवर ओरडतो की अरे फीड कमी कर नाहीतर टूल तुटेल, दवाखान्यात सिस्टर विचारतात बाळाला फीड दिलं का, आणि कॉलेजातली मुलगी म्हणते माझ्या फीडमध्ये नुसती मांजरं येतायत.

आता डिक्शनरी उघडली की फीडच्या पंगतीला नरिश, नर्चर, सस्टेन, फॉस्टर अशी सगळी मंडळी बसवलेली दिसतात, समानार्थी म्हणून. पण ती तशी एका ताटात जेवणारी नाहीत. पोराला दिवसभर बिस्किटं आणि वेफर्स दिलेत तर तुम्ही त्याला फीड केलंत, पण नरिश केलंत असं कुणी म्हणणार नाही. नरिशमध्ये खाल्लेलं अंगी लागणं आलं. फीडचं काम घास तोंडाशी पोचला की संपतं. फॉस्टर म्हणजे दुसऱ्याचं मूल आपलं म्हणून सांभाळणं, आणि गंमत अशी की फूड, फीड, फॉडर आणि फॉस्टर हे चौघं एकाच जुन्या इंग्रजी घरातले. नरिश, नर्चर, न्यूट्रिशनचं घर वेगळं, लॅटिन. त्याच घरातली नर्स. ती मुळात दूध पाजणारी दाई, इंजेक्शन देणारी नर्स फार नंतरची, म्हणूनच इंग्रजीत नर्सिंग मदर म्हटलं की अंगावर पाजणारी आई असा अर्थ होतो, हॉस्पिटलात नोकरी करणारी आई नाही. हे लक्षात ठेवा, मुलाखतीत घोळ होतो.

बरं, रोजच्या वापरात एक साधी गोष्ट सांभाळायची. माणसं ईट करतात, जनावरं फीड करतात. आम्ही आठ वाजता जेवतो हे सांगायला वी फीड अ‍ॅट एट म्हणालात तर समोरचा गालात हसेल, आणि आय फीड ऑन राइस म्हणालात तर तुम्ही तांदळातली अळी झालात. पण देणाऱ्याच्या बाजूने बोलायचं असेल तर चालतं. घरात पाच खाणारी तोंडं आहेत, फाइव्ह माउथ्स टू फीड. ये घरी, पोटभर जेवू घालते, हेही इंग्रजीत प्रेमाने आय विल फीड यू असंच म्हणतात. म्हणजे माझ्या मते या शब्दाची खरी खोच इथे आहे, यात देणारा मोठा. किती द्यायचं, काय द्यायचं, कधी द्यायचं हे तो ठरवणार. खाणाऱ्याची मर्जी कुणी विचारत नाही.

पोल्ट्रीच्या शेडमध्ये जा म्हणजे कळेल. ब्रॉयलरच्या पिल्लाला पहिले काही दिवस प्री-स्टार्टर, मग स्टार्टर, शेवटी फिनिशर, मुख्य माल मका आणि सोयापेंड, आणि सगळा हिशोब एफसीआरवर, म्हणजे एक किलो वजन चढायला फीड किती गेलं. साधारण दीड ते पावणेदोन किलोच्या आत बसलं तर शेड चांगली चालली म्हणायची. कोंबडीला आज काय खाऊ वाटतंय हा प्रश्न त्या हिशोबात कुठेच नाही. गोठ्यात मात्र अजून आपलेच शब्द आहेत बरं का, वैरण, कडबा, आंबोण, पेंड, विदर्भात ढेप. आणि इंग्रजी जिथे एका फीडवर भागवतं तिथे आपण बाळाला भरवतो किंवा पाजतो, गुरांना चारतो, पाहुण्याला जेवू घालतो. साहेबालाही चारतो, पण तिथे कडबा नसतो.

याच शब्दाची कडू बाजू म्हणजे फोर्स फीडिंग. मतदानाचा हक्क मागणाऱ्या ब्रिटिश बायकांनी १९०९ मध्ये तुरुंगात अन्न सोडलं तेव्हा त्यांना धरून, नळी घालून अन्न ओतलं गेलं. आपल्याकडे मणिपूरच्या कार्यकर्त्या इरोम शर्मिलांचं उपोषण २००० ते २०१६, जवळपास सोळा वर्षं, आणि तेवढा काळ सरकारने नाकातल्या नळीवाटे त्यांना जिवंत ठेवलं.

मशीनला तर मर्जी नसतेच, म्हणून हा शब्द तिथे फिट बसला. सबस्टेशनातून गावाकडे निघणारी लाइन म्हणजे फीडर, आता गावठाणाचा वेगळा आणि शेतीचा वेगळा. मेट्रो स्टेशनला माणसं आणून सोडणारी ती फीडर बस. शिलाई मशीनवर कापड दाबून धरणाऱ्या लोखंडी पायाखाली जे बारके दाते कापड पुढे सरकवतात त्याला इंग्रजीत चक्क फीड डॉग म्हणतात, कुत्र्याचा काय संबंध देव जाणे. आणि सभेत माइक स्पीकरजवळ नेला की कान फाटेल असं जे किंचाळतं ते फीडबॅक, बाहेर पडलेला आवाज परत आत भरवला गेला म्हणून.

मोबाइलवरचं फीड यातलंच. फेसबुकने सप्टेंबर २००६ मध्ये न्यूज फीड आणलं, त्याआधी एकेका मित्राच्या पानावर स्वतः जाऊन बघावं लागायचं. सुरुवातीला लोकांनी चिक्कार बोंब मारली, मग सवय झाली, आणि आता मांजरं किती आणि भांडणं किती हे शेडवालाच ठरवतो.

जाता जाता, भूतकाळ फेड होतो, फीडेड नाही. आणि फेड अप म्हणजे पोट भरलेला नव्हे, वैतागलेला. लग्नाच्या पंगतीत चौथी जिलबी नको असेल तर आय अ‍ॅम फुल म्हणा, फेड अप म्हणालात तर यजमान रुसतील.

नमस्कार.