राइट-क्लिकच्या यादीत मराठी
(बडोद्यातील एका मंडळात दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

दांडिया बाजारातल्या आमच्या घरी एक पत्र्याची ट्रंक आहे. तीत पणजोबांचे मोडी कागद. गेल्या दिवाळीत मी आणि भाच्याने ते स्कॅन करायला घेतले. ए-फोर आकाराचा कागद ३०० डीपीआयला, म्हणजे इंचाला ३०० ठिपके घेऊन, रंगीत स्कॅन केला, की त्याची साधी टिफ फाइल सुमारे २६ एमबीची होते. कागद दोनशेच्या वर. मोडी वाचणारे काका पुण्याला. त्यांना पाठवायचं म्हणजे प्रत्येक फाइल उघडा, लहान करा, सेव्ह करा, बंद करा. तिसऱ्या कागदाला भाचा वैतागला. "मामा, हे कॉम्प्युटरलाच सांग ना!"

तर, सांगता येतं. उबुंटूत, म्हणजे विंडोजसारख्याच एका लिनक्स प्रणालीत, फायली दाखवणारा जो प्रोग्रॅम आहे, त्याचं जुनं नाव नॉटिलस. ईझेल नावाच्या कंपनीने तो केला. मार्च २००१ मध्ये १.० आवृत्ती आली आणि मे महिन्यात कंपनीच बंद पडली! प्रोग्रॅम मात्र टिकला. तुमच्या होम फोल्डरमध्ये कंट्रोल-एच दाबा, लपलेले फोल्डर दिसतील. 'डॉट लोकल', त्यात 'शेअर', त्यात 'नॉटिलस', त्यात 'स्क्रिप्ट्स'. इथे एक स्क्रिप्ट, म्हणजे कॉम्प्युटरला द्यायच्या आज्ञा लिहिलेली साधी मजकुराची फाइल, ठेवायची आणि प्रॉपर्टीजमध्ये जाऊन तिला चालवण्याची परवानगी द्यायची. ती दिली नाही तर यादीत काही येत नाही, आणि माणूस तासभर डोकं खाजवतो. दिली, की फायली निवडून राइट-क्लिक केल्यावर 'स्क्रिप्ट्स' अशी ओळ दिसते.

मला यातली सर्वात आवडलेली गोष्ट म्हणजे फाइलचं नाव तेच मेनूतलं नाव. म्हणून माझ्या स्क्रिप्टचं नाव आहे 'काकांसाठी लहान कर'. यादीत तसंच उमटतं, देवनागरीत.

मिंट या दुसऱ्या लिनक्स प्रणालीत फायली दाखवणारा प्रोग्रॅम नेमो, त्यातही असाच फोल्डर असतो. थुनार आणि डॉल्फिन हेही तसलेच प्रोग्रॅम: थुनारमध्ये सेटिंगच्या खिडकीतून करायचं, डॉल्फिनला एक छोटी डेस्कटॉप फाइल लिहून द्यावी लागते. तत्त्व एकच.

आता माझी फजिती. निवडलेल्या फायलींची नावं स्क्रिप्टला आयती मिळतात. एका फाइलचं नाव होतं 'वहिवाट जमीन १'. स्क्रिप्टमधल्या आज्ञा वाचून चालवणारा तो 'शेल', त्याच्या लेखी मोकळी जागा म्हणजे नाव संपलं. त्याने तीन फायली शोधल्या, एकही सापडली नाही, आणि पडद्यावर चकार शब्द नाही, कारण टर्मिनल, म्हणजे आज्ञांची उत्तरं दाखवणारी खिडकी, उघडलेलंच नसतं. उपाय दोन अवतरणचिन्हांचा: निवडलेल्या सगळ्या नावांसाठी स्क्रिप्टमध्ये नुसतं $@ नाही, "$@" लिहायचं. आपण मराठी माणसं फायलींना वाक्यासारखी नावं देतो, आपल्याला हे फार लागतं. आणि शेवटी 'नोटिफाय-सेंड'ची एक ओळ घाला, म्हणजे काम झाल्याची चिठ्ठी कोपऱ्यात येते.

दुसरी चूक महागात पडली. लहान करायला मी इमेजमॅजिक या चित्रं बदलणाऱ्या साधनसंचातला 'मॉग्रिफाय' वापरला. तो मूळ फाइलवरच लिहितो. २४८० पिक्सेल रुंदीचे चाळीस कागद १६०० चे झाले. कंट्रोल-झेड दाबलं, काही नाही. ते नॉटिलसने केलेलं कामच नव्हतं, मग तो उलटवणार काय? कचरापेटीतही काही नाही. चाळीस कागद पुन्हा काचेवर. जुने कागद, दर वेळी कडा झडतात. तेव्हापासून माझी स्क्रिप्ट आधी 'लहान' नावाचा फोल्डर करते आणि त्याच संचातल्या 'कन्व्हर्ट'ने त्यात नवी प्रत टाकते. मूळ फाइलला हात लावत नाही.

आता आई स्वतः फायली निवडते, ओळीवर टिचकी मारते. परवा म्हणाली, "यात 'सरळ कर' का नाही रे?" बरेच कागद आडवे स्कॅन झालेत. तीच स्क्रिप्ट कॉपी केली, रिसाइझच्या जागी 'रोटेट' आणि ९० टाकलं, फोल्डरचं नाव 'सरळ' केलं. चहा व्हायच्या आत ओळ यादीत होती.