मशालीच्या वरची हवा

[दृश्य: रात्र. गडाचा दरवाजा. मशाल घेतलेला मावळा धावत आत येतो.]

ही मशाल पेटलेली नाही. टोकाला कापडात गुंडाळलेला एलईडी दिवा आहे. त्यानं मावळ्याचा चेहरा उजळतो, भिंतीवर तांबूस उजेड पडतो आणि सेटवर आगीची धास्ती राहत नाही. ज्वाळा मागाहून कॉम्पोझिटिंगमध्ये, म्हणजे वेगवेगळी चित्रं एकत्र जोडताना, बसते. पण नुसती ज्वाळा बसवून भागत नाही, तिच्या वरची हवाही हलायला हवी.

गरम हवा विरळ असते. तिच्यातून येताना प्रकाश किंचित वाकतो, म्हणून पलीकडचे दगड लहरताना दिसतात. म्हणजे काढायचं नवं काहीच नाही. मागचं चित्र वाकवायचं, तेही धावत्या मशालीच्या वर असेल तेवढंच.

[दृश्य: आफ्टर इफेक्ट्स हे कॉम्पोझिटिंगचं सॉफ्टवेअर. मशालीच्या टोकाशी ट्रॅकरच्या दोन चौकटी.]

आधी ट्रॅकिंग, म्हणजे प्रत्येक फ्रेममध्ये मशाल कुठं आहे ते सॉफ्टवेअरला शोधायला लावायचं. काय शोधायचं ते आतली चौकट ठरवते, कुठपर्यंत शोधायचं ते बाहेरची. दिवा सगळ्यांत ठळक, म्हणून हात आधी तिकडेच जातो. पण दिवा लुकलुकतो, पांढराफटक पडतो आणि ट्रॅक सुटतो. त्याच्या खालचं लोखंडी कडं बरं. जिथं हात जोरात फिरतो तिथं कडंही पुसट होतं. त्या फ्रेम्स हातानंच बसवाव्या लागतात.

मिळालेली जागा एका नल लेयरला द्यायची. नल पडद्यावर दिसत नाही, बाकीच्या लेयर्सनी त्याला धरून चालायचं.

[दृश्य: करड्या रंगाचा नॉइज, म्हणजे उजळ-गडद डागांचं अनियमित चित्र, मग त्यानं वाकलेली भिंत.]

वाकवण्याचं काम डिस्प्लेसमेंट मॅप करतो. एका करड्या चित्रावरून तो ठरवतो, कुठला पिक्सेल किती सरकवायचा. मधला करडा, 8 बिटमध्ये (0 ते 255 च्या मापात) 128, म्हणजे जागचं हलायचं नाही. त्याहून उजळ असेल तर एका बाजूला, गडद असेल तर उलट. मॅपच्या लाल चॅनलवरून, म्हणजे त्यातल्या लाल रंगाच्या भागावरून, आडवं सरकणं, हिरव्यावरून उभं. दोन्हींना एकच नॉइज दिला तर सगळं तिरक्या रेषेतच सरकतं आणि ते लगेच खटकतं. दोन नॉइज वेगळे हवेत.

इथं एक जुनी खोड आहे. मॅपचा लेयर नलला जोडला, तो डोळ्यांदेखत मशालीबरोबर पळतोय, आणि लहर मात्र भलतीकडेच. कारण हा इफेक्ट मॅप लेयरची पोझिशन, स्केल काहीच विचारात घेत नाही. मॅप फुटेजच्याच मापाच्या प्रीकॉम्पमध्ये, म्हणजे आतल्या वेगळ्या कॉम्पोझिशनमध्ये, टाकून त्याच्या आत हलवायचा. न्यूक या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये मॅप आधी सरकवून मग चित्र वाकवणाऱ्या आयडिस्टॉर्ट नोडला जोडतात, त्यामुळे ही कटकट नाही.

[दृश्य: लहर मशालीबरोबर जशीच्या तशी सरकते, काचेचा तुकडा डकवल्यासारखी.]

आता हे बघा. ट्रॅक अचूक आहे, तरी खोटं वाटतंय. कारण इथं नॉइजच मशालीला बांधलाय, आणि हवा काही मशालीला बांधलेली नसते. म्हणून प्रीकॉम्पमध्ये नलला जोडायचा तो फक्त मऊ कडांचा मास्क, म्हणजे लहर कुठं दिसावी ते ठरवणारा आकार. नॉइज आपल्या जागी, आपल्या गतीनं वर चढत राहू द्यायचा. मास्कची दुसरी प्रत दोन-तीन फ्रेम्स मागून येऊ द्यावी, म्हणजे मशाल पुढं गेल्यावरही मागची हवा थोडी रेंगाळते.

दोन पॉइंटचा ट्रॅक असेल तर रोटेशन आणि स्केलही हाताशी येतं. स्केल घ्यावं, मशाल कॅमेऱ्याजवळ आली की लहरही मोठी दिसायला हवी. रोटेशन मात्र मुळीच घेऊ नये. मावळ्यानं मशाल आडवी धरली तरी गरम हवा वरच जाणार.

कॅमेरा हातातला असेल तर आणखी एक ट्रॅक लागतो, भिंतीवरचा. तो नॉइजला द्यायचा, नाहीतर कॅमेऱ्याच्या प्रत्येक हिसक्याला हवाही त्याच्याबरोबर हिसके खाते.

[दृश्य: मशालीच्या पुढून एक भालाईत जातो.]

मावळ्याचं मुंडासं लहरेच्या मागं आहे, ते वाकलं तर शोभतं. हा भाला मात्र पुढून जातोय, तो सरळच राहायला हवा. म्हणून भालाइताचा रोटो करायचा, म्हणजे फ्रेमगणिक त्याची कड आखायची, आणि मूळ फुटेजमधून तेवढा भाग वर आणून ठेवायचा.

राहिला ग्रेन, म्हणजे फुटेजमधले बारीक कण. पिक्सेल सरकवले की तो त्या पट्ट्यात गुळगुळीत होतो आणि मोठ्या पडद्यावर नेमका तोच पट्टा दिसतो. ग्रेन आधी काढून, सगळं झाल्यावर परत घालतात. मग शॉट ग्रेडिंगला, म्हणजे रंग जुळवायला.