टेबल सॉ घरी आणण्याआधी

मंडळी, डिचोलीच्या मेस्तांना, म्हणजे सुतारांना, मी यंत्र शिकवायला आलेलो नाही. मी बोलतोय ते घरच्या घरी लाकूडकाम करणाऱ्यांशी, ज्यांना हातकरवत पुरेनाशी झाली आहे आणि आता मोठा टेबल सॉ, म्हणजे टेबलातून गोल पातं वर येणारी विजेची करवत, घ्यायचं मनात घोळतंय.

लोक आधी किंमत विचारतात, जागा नंतर शोधतात. क्रम उलटा हवा. आठ बाय चारचा प्लाय लांबीत चिरायचा तर पात्याच्या अलीकडे आठ फूट आणि पलीकडे आठ फूट मोकळे लागतात. मशीन धरून वीस फुटांची सरळ रेघ झाली. आमच्या कौलारू घरात एवढी लांबी फक्त मागच्या पडवीत निघाली. वजनाचाही विचार करा. ३ एचपीचं, ओतीव लोखंडी टेबलाचं मशीन दोनशे किलोंच्या पुढे जातं. आम्ही टेबल रुंद करणारे बाजूचे पंख नि फेन्स, म्हणजे लाकूड ज्याला टेकवून सरळ चिरतात ती आडपट्टी, सुटे केले आणि बाकीचा सांगाडा वाशाला दोर बांधून, पालखीसारखा, चिऱ्यांच्या पायऱ्यांवरून वर नेला.

विजेचं थोडक्यात सांगतो. घरातल्या १६ अँपिअरच्या सॉकेटवर हे चालवू नका, सुरू होताना मोटर कितीतरी पट करंट ओढते. बोर्डापासून वेगळी लाइन, जाड तांब्याची वायर, स्वतंत्र एमसीबी आणि पक्कं अर्थिंग, हे सगळं जाणत्या वायरमनकडूनच करून घ्या. अमेरिकेतल्या भावाने मशीन पाठवतो म्हटलं तर पाटीवर ६० हर्ट्झ आहे का बघा. आपल्या ५० हर्ट्झवर ती मोटर साधारण एक षष्ठांश सावकाश फिरते.

आता खरं काम. टेबलावर एक सरळ खाच असते, तिच्यात मायटर गेज, म्हणजे लाकूड कोनात धरून पुढे ढकलायचं साधन, सरकतं. पातं या मायटरच्या खाचेला समांतर हवं. प्लगची पिन सॉकेटमधून काढा, पातं पूर्ण वर घ्या आणि एका दातावर मार्करने खूण करा. मायटर गेजला लाकडी पट्टी बांधून तिच्यात एक स्क्रू बसवा. खुणेचा दात पुढे आणून स्क्रूचं डोकं त्याला जेमतेम घासेल असं करा. मग पातं हाताने फिरवून तोच दात मागे न्या, गेजही मागे सरकवा. तसाच घासल्याचा आवाज यायला हवा. दात तोच का? पातं जरासं वाकडं असलं तरी ते वाकडेपण दोन्हीकडे सारखंच मोजलं जातं, म्हणून. माझ्या नव्या मशीनवर मागे अर्धा मिलिमीटर फरक निघाला. टेबलाचे तीन बोल्ट ढिले केले, चौथ्यावर टेबल फिरू दिलं आणि रबरी हातोड्याने ठोकत राहिलो. फट मोजायच्या, गाडीवाल्यांच्या फीलर गेजची ०.१ मिलिमीटरची पात जाईनाशी व्हायला दोन तास लागले. ते दोन तास मी आजही वाया गेले म्हणत नाही. त्यानंतर फेन्सही त्याच खाचेला लावून घ्या. मागच्या बाजूला ती पात्याकडे कधीच झुकता कामा नये.

कारण पात्याचे मागचे दात खालून वर येतात. लाकूड तिथे अडकलं की ते उचललं जातं आणि तुमच्याकडे फेकलं जातं. १० इंची पातं मिनिटाला ४००० फेरे घेत असेल तर त्याच्या कडेचा वेग ताशी १९० किलोमीटरच्या आसपास असतो. एकदा मी फणसाची फळी चिरत होतो. वरून सुकलेली, आतून ओली. चीर मागे मिटू लागली, पात्याने फळी धरली, आणि ती माझ्या कमरेजवळून जाऊन मागच्या भिंतीवर आदळली. गिलाव्याचा तुकडा पडला. मी पात्याच्या रेषेत नव्हतो म्हणून वाचलो. त्या दिवशी खाच पाडायला म्हणून रायव्हिंग नाइफ काढली होती आणि परत बसवायची राहिली होती. पात्यामागची ही पोलादी पट्टी पात्याबरोबरच वर-खाली होते आणि चीर मिटू देत नाही. जुनं मशीन कितीही स्वस्त मिळालं तरी ही पट्टी नसेल तर माझ्या मते घेऊ नका.

राहता राहिला आपला पावसाळा. जूनमध्ये उघडं ओतीव लोखंड एका रात्रीत तांबूस पडतं. काम संपलं की भुसा झाडा, पेस्ट वॅक्स घासा, वरून सुती चादर टाका. सिलिकॉनचा स्प्रे नको, पुढे लाकडावर पॉलिश धरत नाही. खालचा भुसाही ओल धरून गिअरला चिकटतो, तो ब्रशने काढा.

मायटर गेज आणि स्क्रूची लाकडी पट्टी इथे टेबलावर ठेवली आहे. ज्यांना हाताळून पाहायचं असेल त्यांनी पुढे या.