शंभर पावलं: एका माळवदाच्या घरातली पाच भूतं

[दृश्य: चौकात खड्डा, अगदी जवळून. पहार, हात, पांढरट माती]

तर सकाळचे साडेसात वाजलेत, मे महिना आहे, आणि मी मामाच्या घराच्या चौकात पहार घेऊन खड्डा खणतोय. हातभर लांब, हातभर रुंद, हातभर खोल. मामी मगापासून सोप्यावर बसून तांदूळ निवडतीय, बराच वेळ काही बोलली नाही, मग एकदम म्हणाली, "काय खांदायलास रे लेकरा, तुळस लावायलास का?" म्हटलं नाही मामी, ही जागा घराला चांगली आहे का ते बघायलोय. "तुझ्या पणज्यानं बांधलंय घर," मामी म्हणाली, "आता बघायलास व्हय?"

बरोबर आहे तिचं, उशीरच झालाय. पण ही परीक्षा आपण शोधलेली नाही, सहाव्या शतकातल्या वराहमिहिराच्या बृहत्संहितेत दिलेली आहे. घराच्या जागी हातभर खड्डा घ्यायचा आणि तीच माती परत त्यात भरायची. माती उरली तर जागा उत्तम, बरोबर बसली तर मध्यम, कमी पडली तर सोडून द्या. यात जादू काही नाही, घट्ट जमीन खणली की माती मोकळी होऊन फुगते म्हणून उरते, आणि जमीन मुळातच पोकळ असेल तर भरताना दबते न् कमी पडते. आमची दोन घमेली उरली, मामा ढाळजेतून, म्हणजे दारालगतच्या ओसरीतून ओरडला, "बघ, मी सांगत नव्हतो!" (मामाने काहीच सांगितलं नव्हतं.)

दुसरी परीक्षा जास्त मजेशीर आहे. माती परत काढायची, खड्ड्यात काठोकाठ पाणी भरायचं, शंभर पावलं चालून यायचं आणि बघायचं पाणी किती उतरलं. उतरलं नसेल तर जागा चांगली.

[दृश्य: बादलीतून पाणी खड्ड्यात पडतंय. आवाज तसाच ठेवायचा]

पाणी ओतल्या ओतल्या जो वास आला ना, तो कॅमेऱ्यात येत नाही, याचं वाईट वाटतं. पहिल्या पावसाचा वास. जुन्या लोकांनी पाच भूतांना, म्हणजे पंचमहाभूतांना, एकेक गुण वाटून दिलेत: आकाशाला शब्द, वायूला स्पर्श, तेजाला रूप, पाण्याला रस आणि पृथ्वीला गंध. शाळेत हे पाठ केलं होतं तेव्हा काही कळलं नव्हतं, इथे उकिडवा बसल्यावर कळलं.

चला, शंभर पावलं. मोजतोय मी.

लातूर आणि धाराशिवच्या मधलं हे गाव. घर माळवदाचं, म्हणजे वरती कौलं नाहीत, पत्रा नाही, सपाट मातीचं छत. लाकडी खांब, त्यावर तुळया, त्यावर किलच म्हणजे आडव्या फळकुट्या, त्यावर पाला-काड्या, आणि सगळ्यात वर ही पांढरी माती. ही माती शेतातली नाही बरं का. आमच्याकडे गावाचे दोन भाग, काळी आणि पांढरी. काळीत पिकवायचं, पांढरीत राहायचं. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, तिच्यावर भिंत उभी केली तर भिंत पण तसंच करणार. म्हणून गाव कायम पांढरीवर. आणि ही पांढरी येते कुठून, तर जुनी घरं पडून, राख, शेण, गारा सगळं शेकडो वर्षं एकावर एक साचून. इथून जवळच तेर आहे, गोरोबाकाकांचं गाव, सातवाहनांच्या काळात तगर नावाची मोठी व्यापारी पेठ होती तिथे, रोमपर्यंत व्यापार चालायचा. तिथली पांढरीची टेकाडं खणली तेव्हा आत त्या शहराचे अवशेष सापडले. म्हणजे मामाच्या डोक्यावर जे छत आहे ते कुणाच्या तरी पडलेल्या घराचं आहे, आणि कुणाच्या घराचं ते आता कुणीच सांगू शकत नाही.

बावीस, तेवीस, चोवीस. सोप्यावर आलो.

आता दिशांचं पण बोलून घेऊ कारण खाली कमेंटमध्ये सगळे तेच विचारणार. त्याच बृहत्संहितेत आहे, ईशान्येला देवघर, आग्नेयेला स्वयंपाकघर, नैऋत्येला भांडीकुंडी-सामान, वायव्येला धान्य आणि पैसा. पुढे भूतं पण दिशांना वाटली गेली, ईशान्येला पाणी, आग्नेयेला अग्नी, वायव्येला वायू, नैऋत्येला पृथ्वी आणि मधल्या मोकळ्या चौकाला आकाश. या घरात स्वयंपाकघर आग्नेयेलाच आहे. पण माझ्या मावसभावाने पुण्यात फ्लॅट घेतला तिथे किचन भलतीकडे निघालं, मग एका वास्तुवाल्याने उपाय म्हणून ईशान्येला कारंजं ठेवायला लावलं, ते प्लगवर चालणारं असतं ते. महिन्याभरात मोटर गेली. आता त्यात फक्त डास होतात, पण काढायची कुणाची हिंमत नाही. माझं मत विचाराल तर दिशा हा या सगळ्यातला सगळ्यात कमी महत्त्वाचा भाग आहे, पण विकायला तोच सोपा म्हणून तोच विकला जातो.

[दृश्य: स्वयंपाकघर. अंधार. मग वरून उजेडाची तिरीप, तिच्यात धूर]

हा शॉट थोडा वेळ राहू द्या.

वर छताला जे गोल भोक दिसतंय ना, त्याला सवणं म्हणतात. चुलीचा धूर तिथून बाहेर जातो, गरम हवा वर चढते न् निघून जाते, मग दारातून आपोआप गार हवा आत ओढली जाते. उजेड पण तिथूनच येतो, आणि ती तिरीप जमिनीवर जिथे असेल त्यावरून मामी वेळ सांगते, उतरंडीपाशी आली की अकरा, जात्यापाशी गेली की जेवायला बसायचं. माझ्या मोबाईलमध्ये अकरा पाच झाले होते, मामी म्हणाली तुझा पुढं असंल. म्हणजे वारा, उजेड, धूर, आकाश सगळं एका भोकातून. आपण म्हणतो पाच तत्त्वं, पाच कोपरे, तसं प्रत्यक्षात कुठे वेगळं काढताच येत नाही.

आणि पाऊस आला की? "मग काय, पळायचं," मामी म्हणाली, "शिडीवरनं वर जायचं न् घमेलं पालथं घालायचं सवण्यावर. रातच्याला दोन वाजता बी."

कोण पळतं, मामा का? मामी नुसती हसली.

इथे माझं मोजायचं राहिलं थोडं. तेहतीस धरू.

चूल आता रोज पेटत नाही, गॅस आहे. पण भाकरीला आणि दुधाला मामीला चूलच लागते. तुराट्या सरकवायच्या, फुंकणी मारायची, पुढे भाकरी आणि बाजूच्या औलावर, म्हणजे चुलीला जोडलेल्या छोट्या चुलीवर दूध, जे औलावरच्या मंद आचेवर तासभर तापतं न् लालसर होतं. मला ते दूध जगात सगळ्यात जास्त आवडतं. पण मी तिथे दहा मिनिटं बसलो आणि डोळ्यातून पाणी यायला लागलं, आमचा कॅमेरावाला तर बाहेरच पळाला. मामी या धुरात तीसेक वर्षं बसलीय. सवणं आहे ते ठीक आहे, पण सगळा धूर काय शिस्तीत रांग लावून बाहेर जात नाही. अग्नितत्त्व वगैरे बोलताना हे पण धरलं पाहिजे.

रोज सकाळी चूल गार झाली की तिच्यावरून पोतेरं फिरवायचं. आठ दिवसांनी जमीन शेणाने सारवायची. दारात रोज सडा. मृग निघायच्या आधी माळवदावर नवीन पांढरीचा थर, नाहीतर गळणार. मी विचारलं, मामी हे पंचमहाभूतांचं तुला कुणी शिकवलं? "ते ग्रामपंचायतीच्या भिंतीवर काढल्यात ते का?" म्हणाली. खरंच काढलीत. 2020 ला राज्य सरकारने माझी वसुंधरा अभियान सुरू केलं, ते पंचमहाभूतांवरच बेतलेलं आहे, भूमी, जल, वायू, अग्नी, आकाश, त्याची चित्रं गावोगाव भिंतींवर आहेत. मामीला चित्र आवडलं, फक्त भिंत सिमेंटची आहे म्हणून तिला ती फार तापते असं वाटतं.

अंगातली भूतं तिला जास्त कळतात. तिच्या भाषेत कुणाला वात धरतो, कुणाचं पित्त खवळतं, कुणाला कफ होतो. आयुर्वेदाप्रमाणे वात म्हणजे वायू आणि आकाश, पित्तात मुख्य तेज, कफात पाणी आणि पृथ्वी. चवी पण तशाच बनलेल्या: गोड म्हणजे पृथ्वी नि पाणी, आंबट पृथ्वी नि तेज, खारट पाणी नि तेज, तिखट तेज नि वायू, कडू वायू नि आकाश, तुरट वायू नि पृथ्वी. (संस्कृतात कटू म्हणजे आपलं तिखट आणि तिक्त म्हणजे आपलं कडू, यात भलेभले फसतात.) पाडव्याला आपण कडुनिंबाचा पाला, गूळ, चिंच, मीठ, जिरं, ओवा वाटून जी गोळी नाक दाबून गिळतो ना, तिच्यात जवळजवळ सगळा हिशोब आला. मी लहानपणी ती गोळी याच घरात भिंतीतल्या देवळीत लपवायचो. मामीला माहीत होतं म्हणे. आज सांगितलं.

[दृश्य: शिडी, मग एकदम माळवद, ऊन, गावाची छतं]

वर आलो. पावलं किती झाली विचारू नका.

मातीचा एवढा जाड थर तापायलाच दिवस लागतो, म्हणून दुपारी खाली गार असतं, आणि दुपारचं ऊन आत पोचतं ते रात्री. तेव्हा खाली उकडतं. पण तेव्हा लोक खाली नसतातच, सगळे वर झोपायला येतात, उशाला तांब्या, वर चांदणं. लहानपणी आम्ही अकरा जण झोपायचो इथे.

आता बघा खाली, माळवदं मोजा. पाच, सहा. बाकी सगळे पत्रे. याचं कारण गरिबी नाही, उलटच आहे जरा.

30 सप्टेंबर 1993, पहाटे 3 वाजून 56 मिनिटं. गणपती विसर्जन उरकून लोक दमून झोपले होते. किल्लारीचा भूकंप. लातूर-धाराशिवमधली हजारो माणसं गेली, आणि त्यातली बहुतेक स्वतःच्या घराखाली गेली. जाड दगडी भिंती, दगडांच्या मधे नुसता मातीचा गारा, आणि वर माळवद. दर वर्षी गळू नये म्हणून नवीन थर, जुना कुणी काढत नाही, असं करत करत काही घरांवर दीड-दोन फूट माती झाली होती. इतकं वजन. भिंत हलली आणि ते सगळं खाली आलं. मामी तेव्हा नवीन लग्न होऊन आली होती. आमच्या घराची फक्त मागची भिंत फाटली, पण ती सांगते की सहा महिने सगळं गाव बाहेर झोपलं, थंडीत पण, लेकरं घेऊन. मग ज्याला जमलं त्याने माळवद उतरवून पत्रे घातले. पत्रा पडला तरी माणूस जगतं. मे महिन्यात पत्र्याखाली भाजून निघतं ते वेगळं, पण झोप लागते.

मामाने नाही उतरवलं. जुने थर काढून हलकं केलं, भिंत नवीन बांधली, आणि तेव्हापासून दर वर्षी मामी म्हणते की आधी जुनी खरवडा मग नवीन टाका. एवढं एक वाक्य शंभर वर्षांपूर्वी कुणी नियम म्हणून लिहून ठेवलं असतं तर, असं मला इथे आलं की वाटतं. ईशान्य-आग्नेय सगळं लिहिलंय.

उतरतो आता.

मागच्या अंगणात आड आहे. अगदी ईशान्येला, शास्त्रात सांगितल्याप्रमाणे. कोरडा. तळाशी एक चप्पल आणि प्लास्टिकच्या बाटल्या दिसतात. 2016 च्या उन्हाळ्यात लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं, एप्रिलमध्ये पहिली गाडी आली तेव्हा दहा वाघिणी होत्या, पाच लाख लिटर, लोक गाडी बघायला स्टेशनवर गेले होते. तेव्हाच हा आड पहिल्यांदा पूर्ण आटला. शेजारीपाजारी बोअर खाली खाली जात राहिले, आडाची दिशा बरोबर असून काय करणार. आता टाकीचं पाणी येतं एक दिवसाआड, ते भरून ठेवायला न्हाणीपाशी तेरच्या कुंभाराचा रांजण आहे, मामीच्या सासूच्या वेळचा, मानेपर्यंत जमिनीत पुरलेला. न्हाणीचं सांडपाणी केळीला जातं, केळीखाली अळू. हे एवढं मात्र अजून चालू आहे.

शहाण्णव, सत्त्याण्णव असं धरून आपण परत चौकात आलो.

[दृश्य: खड्डा. मामी उकिडवी बसलेली, पाठमोरी. घमेलं]

आणि इथे खड्ड्यात पाणी उतरलं का नाही ते बघायचं होतं, तर मामी खड्ड्यातला चिखल दोन्ही हातांनी घमेल्यात भरतीय. औलाला चीर गेलीय म्हणे सकाळी, ती लिंपायची होती. "माती भिजलेलीच हाय," म्हणाली, "वाया कशाला घालवायची."

मामी, अगं परीक्षा होती ती!

"व्हय, व्हय." घमेलं उचलून ती चुलीकडे गेली, सवण्याखालच्या तिरिपीत बसली आणि औलाच्या चिरेवर अंगठ्याने माती दाबत राहिली. कॅमेरावाला मला हळूच विचारतोय, मग रिझल्ट काय सांगायचा व्हिडिओत? आतून आवाज आला, "आधी तो खड्डा बुजवा रे, रातच्याला कुणीतर पडंल."