१८४ सेंटीमीटरची दोरी

(दृश्य: रात्र. गिरगावातल्या एका चाळीचा चौक. धुतलेली फरशी अजून ओली.)

पाडव्याची आदली रात्र. उद्या शोभायात्रा निघेल आणि सकाळी नऊच्या आत या रांगोळीवरून निम्मी चाळ चालून गेलेली असेल. तरी काढायची. यंदा मोर नाही, राजमुद्रा नाही. यंदा मुंबईचं आकाश, जुन्या तारायंत्राच्या, म्हणजे ताऱ्यांची उंची मोजायच्या यंत्राच्या, थाळीवर असायचं तसं.

(दृश्य: दोरी, खडू. पायाच्या अंगठ्याखाली दाबलेलं दोरीचं टोक.)

आधी मधला ठिपका. हा ध्रुव. त्याच्याभोवती ६० सेंटीमीटरवर आकाशाचं विषुववृत्त, आणि त्याच्याबाहेर ९१ वर मकरवृत्त. तिथे थाळी संपते. इथपर्यंतची रांगोळी जगात कुठेही अशीच निघेल, लंडनला काय आणि लाहोरला काय. पुढची मात्र फक्त इथली.

आता क्षितिज काढायचंय. त्याला दोरी लागते १८४ सेंटीमीटर. दोरीचं दुसरं टोक रांगोळीत मावतच नाही, थाळीच्या कडेपासून आणखी पाऊण मीटरभर बाहेर जातं.

"काकू, अजून मागे!"

"अगं, मागे नळ आहे!"

काकू नळाला टेकतात. अंगठा घट्ट. आणि खडू फिरतो.

(दृश्य: वरून. जवळजवळ सरळ वाटणारी एक लांब रेघ.)

ही रेघ सरळ नाही. उथळ परातीच्या तळाइतकी वाकलेली आहे. लंडनचं क्षितिज याच मापावर काढलं, तर ७७ सेंटीमीटरच्या दोरीत काम भागतं. आपण पृथ्वीच्या विषुववृत्ताच्या जवळ, १९ अंश अक्षांशावर, म्हणून आपलं क्षितिज एवढं ऐसपैस. दुसऱ्या शहराची थाळी आणून इथे चालत नाही, ती याचसाठी.

आता त्याच्या आत एकेक वर्तुळ. क्षितिजापासून १० अंश उंच, २० अंश, ३० अंश. एका वर्तुळावरचे सगळे तारे डोळ्याला सारख्याच उंचीवर. मराठीत याला समोन्नत वृत्त म्हणता येईल. अरब ज्योतिषी म्हणायचे अल्-मुकन्तरा. मूळ शब्द कन्तरा, म्हणजे कमान किंवा पूल. युरोपात त्याचं अल्मुकंतर झालं, आणि आता तो शब्द कोशातच जास्त भेटतो.

पितळी थाळीवर याच कमानी कोरून तारायंत्र बनायचं. संस्कृतात त्याला यंत्रराज म्हणाले. त्या नावाचा ग्रंथ महेंद्रसूरी या जैन मुनींनी १३७० साली लिहिला, फिरोजशहा तुघलकाच्या आश्रयाने. या विषयावरचा संस्कृतातला तो पहिला ग्रंथ. सुलतान मुसलमान, मुनी जैन, युक्ती ग्रीक, शब्द अरबी. रांगोळीच्या चिमटीला यातलं काही कळत नाही, ती आपली पुढे सरकते.

(दृश्य: चिमूट. पांढरी भुकटी. हात.)

युक्ती अशी: खगोलाच्या, म्हणजे आकाशाच्या काल्पनिक गोलाच्या, दक्षिण ध्रुवावर डोळा ठेवायचा आणि अख्खं आकाश विषुववृत्ताच्या पातळीवर उतरवायचं. असं उतरवलं की वर्तुळ वर्तुळच राहतं, लंबगोल होत नाही. म्हणून तर दोरीने भागतं. फक्त प्रत्येक वर्तुळाचा मध्य वेगळा. ३० अंशांसाठी ध्रुवापासून ६९ सेंटीमीटरवर, ६० अंशांसाठी ४८ वर, ८० अंशांसाठी ४३ वर. काकूंचा अंगठा नळापासून एकाच सरळ रेषेत आत आत येत राहतो.

आणि एक वर्तुळ दहाच्या पाढ्यात नसलेलं. १९ अंशांचं.

(दृश्य: दोरी मधल्या ठिपक्याला टेकते. सगळे वाकून बघतात.)

ते थेट मधल्या ठिपक्यातून गेलं. जायलाच हवं. मुंबईत ध्रुवतारा क्षितिजावर साधारण १९ अंशच उभा असतो. हात लांब करून एकावर एक दोन मुठी धरा, तेवढा.

(दृश्य: गच्ची. पाण्याची टाकी. मुठी धरलेली मुलं.)

(दृश्य: मरीन ड्राइव्ह, दिवस मावळताना. समुद्राची रेघ.)

हीच वर्तुळं पृथ्वीवरही उतरतात. एखादा तारा ६० अंश उंच दिसला, तर तो ज्या जागेच्या डोक्यावर आहे, तिथून तुम्ही १८०० सागरी मैलांवर, एका प्रचंड वर्तुळावर कुठेतरी. १७ डिसेंबर १८३७ रोजी आयर्लंडजवळच्या खवळलेल्या समुद्रात टॉमस समनर या अमेरिकन कप्तानाला ढगांतून क्षणभर सूर्य दिसला. त्या एका मापावरून त्याने नकाशावर रेघ ओढली. ती रेघ याच वर्तुळाचा तुकडा. पुढे जहाजं तशीच चालली, मग उपग्रह आले. हवेतले धूलिकण मोजणारी यंत्रं मात्र आजही सूर्याच्याच उंचीवर गोल फिरून आकाश तपासतात, आणि त्या फेरीचं नाव अल्मुकंतरच.

(दृश्य: पुन्हा चौक. कॅमेरा फरशीवरून सरळ वर.)

रात्रीचे दोन. चार मजले चारी बाजूंनी, त्यावर पत्रे, पूर्वेला नव्या टॉवरची क्रेन आणि तिचा दिवा. मध्ये उरलेला आकाशाचा तुकडा मुलांनी कोनमापकाला ओळंबा बांधून मोजलाय. ६० अंशांच्या खालचं इथून काही दिसत नाही. ध्रुव नाही, क्षितिज तर नाहीच.

आता रंग भरायचे. निळ्याची पिशवी एकच आहे.

"कुठे भरू गं?"

"दिसतं तेवढ्यात भर."

(दृश्य: वरून. १८२ सेंटीमीटरची पांढरी थाळी. आत २५ सेंटीमीटर त्रिज्येचं एक निळं वर्तुळ. पिशवीत निळा उरलेला आहे.)