हँडल खाली दाबा, वर ओढू नका

श्रोतेहो, नमस्कार. मोठ्या रुग्णालयात किंवा कार्यालयात जिन्यापाशी भिंतीला घडीची खुर्ची टांगलेली दिसते. आग लागल्यावर लिफ्ट वापरायची नसते. ज्याला जिना उतरता येत नाही, त्याला खाली न्यायला ही इव्हॅक्युएशन चेअर.

तिच्या मागच्या बाजूला दोन रबरी पट्टे असतात. जिन्यावर सगळा भार या पट्ट्यांवर येतो आणि ते पायऱ्यांच्या कडांवरून सरकतात. म्हणजे आपण वजन उचलायचं नसतं, फक्त धरून चालायचं.

पलंगाशेजारी खुर्ची लावून आधी ब्रेक लावा, मग माणसाला बसवा. छातीचा आणि मांडीवरचा बेल्ट आवळा. डोक्याचा असेल तर तोही. पदर, ओढणी, ऑक्सिजनची नळी मांडीवर गोळा करा, लोंबतं ते पट्ट्याखाली सापडतं. हात छातीशी दुमडून ठेवायला बजावून सांगा. पहिल्याच पायरीला जीव दचकतो आणि हात कठड्याकडे जातो. कठडा धरला, की खुर्ची तिरकी झालीच म्हणून समजा.

जिन्याशी खुर्ची सरळ आणा, पट्टे उघडून जागी बसलेत ना ते पाहा. मग ती मागे कलती करून सावकाश पुढे ढकला. निदान दोन पायऱ्यांच्या कडा पट्ट्याखाली हव्यात. इथेच बहुतेकांचं चुकतं. वजन पुढे निघालंसं वाटलं, की घाबरून हँडल वर ओढलं जातं. तसं केलं की पट्टे वरच्या पायरीवरून सुटतात, भार खालच्या एकाच कडेवर येतो आणि खुर्ची पुढे झुकते. करायचं ते नेमकं उलट: हँडल खाली दाबलं की घर्षण वाढून वेग मंदावतो, दाब सैल केला की खुर्ची सरकते. ही गोष्ट हाताला कळावी लागते, म्हणून सराव धडधाकट सहकाऱ्याला बसवून, दोन-चार पायऱ्यांवरच सुरू करा.

दुसरा माणूस असेल तर तो पुढे राहून वाट मोकळी करतो, रुग्णाशी बोलत राहतो. लँडिंगवर खुर्ची पुन्हा चाकांवर घेऊन वळवा.

ओल्या किंवा कडा झिजलेल्या पायऱ्यांवर पट्ट्यांची पकड कमी होते. वळणावर त्रिकोणी पायऱ्या असलेल्या जुन्या जिन्यावर तर ही खुर्ची नकोच, कारण तिथे दोन्ही पट्टे एकदम टेकत नाहीत.

खाली पोहोचलात की दारातच थांबू नका. मागून माणसं उतरत असतात.